जंगल गेलं, तबकडी राहिली

मुंबईत सत्तरच्या दशकात ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ नावाचा एक बँड होता. तो वाजवायचा खूप, पण त्याच्या नावावर एलपी निघाली फक्त एक, आणि तीही उशिरा. आज जगभरातले संग्राहक तिच्यासाठी पैसे मोजतात आणि आपल्याला बँडचं नावही ठाऊक नसतं. ऐकूया त्या जंगलाचा आवाज!

सकाळचे साडेआठ. नगर नाका. डावीकडे कंपनीची बस, उजवीकडे रिक्षा आणि मधोमध बाइकवर तुम्ही. वाळूजच्या शिफ्टला पंधरा मिनिटं उरलीत आणि सिग्नल काही हिरवा होत नाही. अशा वेळी कानात काय असतं? कुणाच्या अरिजित, कुणाच्या अजय-अतुल, तर कुणाच्या बॉसची कालची व्हॉइस नोट (देव त्याचं भलं करो!).

एकदा तिथे दुसरं काही लावून बघा. गिटारचा एक फाटका, गुरगुरणारा सूर. खाली ड्रम्सचा घट्ट, नाचायला लावणारा ठेका. वाटेल की हे अमेरिकेतल्या कुठल्या तरी गॅरेजमधून आलंय. पण नाही, बॉस. हे मुंबईचं आहे. बँडचं नाव अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट, रेकॉर्डचं नाव ‘ऑब्सेशन ७७’.

‘बँड’ म्हटलं की आपल्याकडे अजूनही आधी वरातीतले लाल कोट आणि ट्रम्पेट आठवतात. त्यात चूक काही नाही. ती वाद्यं आपल्याकडे आली तीच मुळी लष्करी छावण्यांच्या वाटेने, आणि आपली छावणी तर एकेकाळी हैदराबाद कंटिन्जंटचा तळ. पण १९६५ ते १९८० च्या दरम्यान या देशात दुसऱ्या प्रकारच्या बँडचीही एक अख्खी पिढी होऊन गेली. लांब केस, बेलबॉटम, गळ्यात गिटार. त्यांनी शेकडो संध्याकाळी गाजवल्या. रेकॉर्ड मात्र फारच थोड्यांनी केल्या, आणि आपली गोष्ट याच विसंगतीची आहे.

सिगारेटच्या नावाने चांगभलं

गोष्ट सुरू करायची तर १९७० पासून करू. इम्पिरियल टोबॅको कंपनीचा ‘सिमला’ नावाचा एक सिगारेट ब्रँड होता. तरुणांपर्यंत पोचायचं कसं, हा कंपनीचा प्रश्न. उत्तर सापडलं रॉकमध्ये. ‘ऑल इंडिया सिमला बीट कॉन्टेस्ट’ ही देशभरातल्या बँडची स्पर्धा भरवली गेली आणि अंतिम फेरी झाली मुंबईच्या षण्मुखानंद हॉलमध्ये. होय, तोच हॉल, जिथे शास्त्रीय संगीताच्या मैफली रंगतात.

कंपनीने एक शहाणपणाचं काम केलं. स्पर्धेतल्या बँडची गाणी एलपीवर काढली. ‘सिमला बीट ७०’ आणि पाठोपाठ ‘सिमला बीट ७१’. शिलाँगचे फेंटोन्स, बंगळूरचे डायनोसॉर्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स, अशी एकेक भन्नाट नावं! कुणी परदेशी बँडची गाणी वाजवत होतं, कुणी स्वतःची बांधत होतं. कन्फ्यूजन्सचं ‘व्हॉइस फ्रॉम द इनर सोल’ आज ऐकलं तरी दचकायला होतं. आणि इनरलाइट नावाच्या बँडने तर ‘झोर्बाज डान्स’ ही ग्रीक धून उचलून तिचा पार रॉक करून टाकला.

गंमत बघा. आज अशी स्पर्धा भरवताच येणार नाही. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिराती आणि प्रायोजकत्व दोन्ही बंद झालं, आणि ते योग्यच झालं. पण त्या पिढीचा जो काही आवाज आज आपल्या हाती आहे, त्यातला मोठा हिस्सा एका सिगारेटच्या जाहिरातखर्चातून वाचलाय, हेही खरं. संगीताचं जतन सरकारने केलं नाही, रेकॉर्ड कंपन्यांनी फारसं केलं नाही, केलं ते पाकीट खपवणाऱ्यांनी!

ते सतार शोधत आले, आपण फझ

तो काळच उलटापालटीचा होता. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन ‘वंडरवॉल म्युझिक’चं रेकॉर्डिंग करून गेला. पुढच्याच महिन्यात चौघे बीटल्स ऋषीकेशला ध्यानाला बसले. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत उतरले. त्यांनीही भारतीय वादकांबरोबर स्टुडिओत दोन गाणी रेकॉर्ड केली. ती अधिकृतपणे बाजारात यायला मात्र २०१५ उजाडलं.

त्याच मुक्कामात एका रात्री हे दोघे कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या छोट्या डिस्कोथेकमध्ये शिरले आणि तिथल्या पोरांची वाद्यं उसनी घेऊन वाजवायला लागले. जगातल्या सर्वांत मोठ्या रॉक बँडचे दोन खांब, आणि समोर मूठभर माणसं! त्या रात्री तिथे असलेल्यांना पुढे आयुष्यभर पुरेल एवढी गोष्ट मिळाली.

म्हणजे तिकडचे स्टार आपली सतार आणि सारंगी शोधत इकडे येत होते आणि इकडची पोरं त्यांचा फझ शोधत होती. हा शोध सोपा नव्हता. परदेशी गिटार आणायची तर आयातीचे निर्बंध, वर जबरदस्त कस्टम ड्यूटी. मग कोलकात्यात बनणारी देशी गिटार घ्यायची, अ‍ॅम्प्लिफायर ओळखीच्या रेडिओवाल्याकडून जोडून घ्यायचा, आणि गाणी शिकायची ती रेडिओ सिलोन ऐकून किंवा कुणाच्या तरी मामाने लंडनहून आणलेली रेकॉर्ड घासघासून. यूट्यूब ट्युटोरियल नाही, टॅब्ज नाहीत. सुई उचल, मागे ठेव, परत ऐक. एका सोलोसाठी आठवडा!

बातम्यांसाठी कोलकात्याहून निघणारं ‘ज्युनिअर स्टेट्समन’ होतं, सगळे त्याला ‘जेएस’ म्हणत. आणि खुल्या मैदानातल्या जत्रेसाठी १९७१ ची ‘स्नेहयात्रा’. ही भरली लोणावळ्याजवळ मळवलीला. भाजे आणि कार्ल्याच्या लेण्यांना जाताना आपण उतरतो तेच मळवली स्टेशन. वुडस्टॉक होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. मावळातल्या भातखाचरांशेजारी गिटारचे अ‍ॅम्प लागले होते, ही कल्पनाच केवढी धमाल आहे!

जंगलातली माणसं

या सगळ्यातून अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट उगवलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची मुंबई. संस्थापक कीथ कांगा. गिटारवर नील चट्टोपाध्याय, ड्रम्सवर व्हॅलेंटाइन लोबो, गायला मद्रासचा मधुकर चंद्रदास. नुसती आडनावं वाचली तरी मुंबईची लोकल डोळ्यांसमोर येते.

या बँडचा पिंड ब्लूज-रॉकचा. म्हणजे नेमकं काय? ब्लूज ही अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची गाणी. बारा मात्रांचं नव्हे, बारा मापांचं एक साधं चक्र, तीनच कॉर्ड, आणि गायक एक ओळ टाकतो तर गिटार तिला उत्तर देते. आपल्या सवाल-जवाबासारखंच. त्यातला जीवघेणा सूर असतो तो कोमल आणि शुद्ध गंधार यांच्या मधोमध लोंबकळणारा. पियानोवर तो सापडत नाही. गिटारची तार ओढून, तिला जरा छळून तो काढावा लागतो. गळ्यातून मींड काढणाऱ्या देशाला हे समजावून सांगायची गरज पडू नये!

या ब्लूजला १९६६-६७ च्या सुमारास विजेचा झटका बसला आणि सायकेडेलिक रॉक जन्माला आलं. फझ पेडल गिटारचा आवाज इतका फुगवतं की त्याचे कंगोरे कापले जातात आणि सूर फाटतो. वा-वा पेडल त्याच सुराला माणसासारखं ‘वाव-वाव’ बोलायला लावतं. वर ऑर्गन, खाली ढोबळ बास आणि पाच-पाच मिनिटांचे सोलो. जिमी हेंड्रिक्स हा या पंथाचा देव, आणि अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट त्याच देवळातले भक्त. हेंड्रिक्स, डीप पर्पल यांची गाणी ते मंचावर वाजवायचे. हळूहळू त्यात फंकचा ठेका मिसळला आणि बँडचा स्वतःचा रंग तयार झाला.

येशू, जूडास आणि पु. ल.

आता या इंग्रजी जंगलात एक मराठी पायवाट. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हा रॉक ऑपेरा उभा केला. येशूच्या भूमिकेत कोण? आपल्या अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचा मधुकर चंद्रदास. आणि त्याला दगा देणारा जूडास? नंदू भेंडे!

हे नाव जुन्या मंडळींना नक्की आठवेल. ‘झोपी गेलेला जागा झाला’वाले आत्माराम भेंडे यांचा हा मुलगा. घरी मराठी रंगभूमी पाणी भरत होती आणि पोरगा ‘वेल्वेट फॉग’, ‘सॅव्हेजेस’ अशा बँडमधून इंग्रजी रॉक गात होता. पण गडी तिथेच थांबला नाही. १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ब्रेश्तचं नाटक मराठीत आणलं, ‘तीन पैशाचा तमाशा’. जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन आणि पुण्याची थिएटर अ‍ॅकॅडमी. त्यातला अंकुश रंगवला नंदू भेंडे यांनी. बेलबॉटममधला आवाज थेट मराठी रंगमंचावर! तमाशाच्या बाजात रॉकची धग मिसळली आणि मराठी प्रेक्षकाला ती कडू लागली नाही.

आणि कळस म्हणजे १९८२. मिथुनदांचा ‘डिस्को डान्सर’ आठवतोय? बप्पी लाहिरींनी त्यातलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’ गाऊन घेतलं ते नंदू भेंडे यांच्याकडूनच. आठ वर्षांत जूडासपासून कृष्णाच्या धाव्यापर्यंत! एप्रिल २०१४ मध्ये ते गेले. ज्यांनी लहानपणी हे गाणं गणपतीच्या मंडपात ऐकलं, त्यातल्या कितीजणांना हा आवाज एका रॉकवाल्याचा आहे हे ठाऊक असेल?

एक एलपी, आणि तीही लेट

आता येऊ त्या तबकडीकडे. मंचावर दणकून वाजवणाऱ्या बँडला एलपी काढायची संधी मिळणं ही त्या काळात लॉटरीच होती. बाजार फिल्मी गाण्यांचा. रेकॉर्ड कंपन्या मोजक्या. इंग्रजीत गाणाऱ्या देशी पोरांची रेकॉर्ड घेणार कोण? ज्याला इंग्रजी रॉक हवं तो ओरिजिनल घेईल, असा हिशेब. सॅव्हेजेसला १९७३ मध्ये ‘ब्लॅक स्कॉर्पिओ’ काढता आली. बहुतेकांच्या नशिबी एखाद-दुसरं गाणं, किंवा तेही नाही.

अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची ‘ऑब्सेशन ७७’ नाव सांगते १९७७ चं, पण दुकानात आली १९८१ मध्ये. फॅशनच्या दुनियेत चार वर्षं म्हणजे चार पिढ्या. मधल्या काळात काय काय झालं बघा. डिस्को आला. क्लबमध्ये पाच माणसांचा बँड ठेवण्यापेक्षा एक टर्नटेबल आणि एक डीजे स्वस्त पडू लागला. १९८० मध्ये ‘कुर्बानी’तलं नाझिया हसनचं गाणं घराघरात वाजलं. त्या गाण्याचा कर्ता बिड्डू. तोही मूळचा याच पिढीतला, बंगळूरचा रॉकवाला. तो साठच्या दशकातच लंडनला निघून गेला होता, तिथे त्याने १९७४ मध्ये ‘कुंग फू फायटिंग’सारखा जागतिक हिट बनवला आणि मग इथल्या बाजाराने त्याला सन्मानाने परत बोलावलं. जो गेला तो जिंकला, असंच वाटावं.

अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची रेकॉर्ड आली तेव्हा बँड जवळपास विरला होता. कुणी परदेशी, कुणी नोकरीत, कुणी फिल्मी स्टुडिओच्या वाद्यवृंदात. जल्लोष नाही, टूर नाही. तबकडी आली आणि चुपचाप गेली.

म्हणून ही रेकॉर्ड ऐकताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आपण ऐकतोय तो या बँडचा ऐन भरातला आवाज नव्हे. ऐन भर मंचावर होता, घामाच्या वासात, तीन कॉर्ड आणि तीनशे माणसांत. एलपीवर उरलीय ती त्याची शेवटची, जरा नाचऱ्या कपड्यांतली सावली. आणि तरीही ती गिटार कापत जाते! मग मूळ काय असेल?

परदेशी कान, देशी धूळ

पुढची वीस-पंचवीस वर्षं कुणाला काही पडलं नव्हतं. मग इंटरनेटच्या जमान्यात जगभरातले रेकॉर्डवेडे जुन्या तबकड्या धुंडाळू लागले. तुर्कस्तान, झांबिया, पेरू, आणि हो, भारत. सिमला बीटच्या एलपी परदेशात सीडीवर पुन्हा निघाल्या. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ‘नाऊ-अगेन’ रेकॉर्ड्सने ‘ऑब्सेशन’ नव्याने बाजारात आणली, एलपीच्या गाण्यांबरोबर बँडच्या जुन्या रेकॉर्डिंगची भर घालून. मूळ प्रत चांगल्या अवस्थेत सापडली तर शेकडो डॉलर मिळतात.

२०१४ मध्ये पत्रकार सिद्धार्थ भाटिया यांचं ‘इंडिया सायकेडेलिक’ हे पुस्तक आलं आणि या पिढीची कहाणी पहिल्यांदा नीट एका ठिकाणी वाचायला मिळाली. पण बघा ना, २०१४ मध्येच नंदू भेंडे गेले. २०१६ मध्ये काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’ बंद झालं, जिथे मुंबईच्या कितीतरी पोरांनी पहिली रेकॉर्ड, पहिली कॅसेट घेतली. एकीकडे आठवण लिहिली जात होती, दुसरीकडे आठवणारे आणि आठवायच्या जागा निघून जात होत्या.

थोडं टोचणारं आहे, पण बोलायला हवं. आपल्या गावची चीज भारी आहे हे आपल्याला कॅलिफोर्नियाने सांगितलं. नेहमीचंच आहे म्हणा. अजिंठ्याची लेणीही ‘शोधली’ ती १८१९ मध्ये वाघाच्या शिकारीला निघालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने. आसपासच्या गावकऱ्यांना ती माहीत होतीच की! फरक एवढाच की लेणी दगडात कोरलेली असतात. ती हजार वर्षं वाट बघू शकतात. चुंबकीय टेप नाही बघू शकत. दमट हवेत, बुरशीत, कुणाच्या तरी माळ्यावर ती काही दशकांत मरते, आणि तिच्यावरचा बँडही तिच्याबरोबर मरतो.

चौकट: कान असे लावा

१. सुरुवात ‘ऑब्सेशन ७७’च्या शीर्षकगीतापासून. पहिल्यांदा फक्त गिटार ऐका, दुसऱ्यांदा फक्त बास आणि ड्रम्स. इयरफोन हवेतच. मोबाइलच्या स्पीकरवर बास म्हणजे डास.

२. मग ‘सिमला बीट ७०’. रेकॉर्डिंग कच्चं आहे. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटेल. दहा मिनिटं द्या, कान जुळतात.

३. कन्फ्यूजन्सचं ‘व्हॉइस फ्रॉम द इनर सोल’ रात्री दिवे घालवून.

४. त्यानंतर लगेच नंदू भेंडे यांचं ‘डिस्को डान्सर’मधलं गाणं लावा. हसू येईल. पण आवाजातला तो खरखरीत काठ ओळखू येतो का बघा. तोच रॉक आहे.

५. शेवटी लेड झेपेलिनचं मुंबईतलं रेकॉर्डिंग. २०१५ च्या ‘कोडा’च्या विस्तारित आवृत्तीत आहे. तिकडचे इकडे येऊन काय शोधत होते ते कळेल.

आणि आपण?

तुम्ही म्हणाल, हे सगळं मुंबईचं कौतुक. आपल्या छावणीत त्याचं काय? १९७७ मध्ये तर वाळूजला बजाजचा कारखानाही नव्हता, तो आला १९८५ मध्ये. खरंय. पण मुद्दा मुंबईचा नाहीच.

आज वाळूज, चिकलठाण्याच्या कंपन्यांत दिवसभर एक्सेल भरणारी आणि रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर गिटार काढणारी पोरं-पोरी तुम्हाला माहीत आहेत. कदाचित तुम्हीच त्यातले असाल. कॉलेज गॅदरिंगला वाजवलं, ऑफिसच्या अ‍ॅन्युअल डेला वाजवलं, एकाचं लग्न झालं, एकजण पुण्याला गेला, एक दुबईला. बँड संपला. स्टोरी तीच, फक्त बेलबॉटम नाही.

त्यांच्याकडे स्टुडिओ नव्हता, आपल्या खिशात आहे. त्यांना एका एलपीसाठी चार वर्षं थांबावं लागलं, आपण चार मिनिटांत अपलोड करतो. तरीही आपलं वाजवलेलं किती उरेल? फोन बदलला, क्लाउड भरला, पासवर्ड विसरला, गेलं. टेपला बुरशी लागते, फाइलला विस्मरण.

तेव्हा या वीकेंडला दोन कामं करा. एक, घरातल्या काकांना, आत्याला, मामाला विचारा: तुमच्या कॉलेजात काय वाजायचं? माळ्यावर एखादी तबकडी, एखादी स्पूल, एखादी कॅसेट आहे का? असेल तर ती गुरुवारच्या बाजारात भंगारवाल्याच्या हातगाडीवर जायच्या आत खाली काढा, पुसा, ऐका. कुणी सांगावं, तुमच्याच आत्याच्या ट्रंकेत सिमला बीट असेल!

दोन, तुमच्या गच्चीवरच्या बँडचं पुढचं रिहर्सल नीट रेकॉर्ड करा. फाइलला नाव द्या: तारीख, गाव, कोण काय वाजवतंय. दोन ठिकाणी ठेवा. भारी नसेल वाजलं तरी ठेवा. अ‍ॅटॉमिक फॉरेस्टच्या पोरांनाही आपण इतिहास वाजवतोय असं वाटलं नसणार. ते फक्त शनिवार रात्र वाजवत होते.

सिग्नल हिरवा झालाय. निघा. आवाज मात्र थोडा कमी ठेवा, मागे कंपनीची बस आहे.